मिशनच्या शाळेत धर्म कितव्या तासाला असतो?

प्रश्न : आम्ही डहाणू तालुक्यातले, कासा-चारोटीच्या बाजूचे. वारली. पुतण्याला यंदा पाचवीला तलासरीच्या मिशनच्या बोर्डिंगात घालायचं घरात चाललं आहे. एक काका म्हणतो, पोर बाटेल. दुसरा म्हणतो, शिस्त लागेल. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पुढे आयटीआय केलं. मिशनची शाळा आतून कधी पाहिली नाही. मला भांडायचं नाही, पण जाणून घ्यायचं आहे की तिथे धर्म शिकवतात म्हणजे नक्की काय करतात? त्याचा तास असतो का? परीक्षा असते का? आमच्या पोराला तिथे बसावं लागतं का? आणि नाही बसला, तरी काही फरक पडतोच का?
– एक वाचक, डहाणू तालुका

उत्तर : तास मोजता येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मिशनच्या कॅथलिक शाळेत दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात आणि बाहेरून पाहणारा त्यांची गल्लत करतो. पहिलीला खरोखरच तास असतो. वसईकडची मंडळी तिला धर्मशिक्षण म्हणतात, मुंबईकडची कॅटेकिझम. ती बाप्तिस्मा झालेल्या मुलांसाठी असते. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, सात संस्कार, येशूचे दाखले, संतांची चरित्रं, आणि आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर असं चर्चच्या वर्षाचं पंचांग एवढा तिचा अभ्यासक्रम. तिसरी-चौथीच्या सुमारास मुलगा पहिला ख्रिस्तप्रसाद घेतो, त्याआधी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करायला शिकतो. मिसरूड फुटायच्या वयात दृढीकरण हा पुढचा संस्कार होतो. तो तास चालू असताना बाकीची मुलं दुसऱ्या वर्गात मूल्यशिक्षणाला बसतात. शहरातल्या शाळांत त्यालाच मॉरल सायन्स म्हणतात. खरं बोलावं, रागावर ताबा ठेवावा, झाडं तोडू नयेत, असा सगळा माल. मुलांना विचाराल तर दोन्ही तासांना झोप सारखीच येते. अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, हा तास शाळेत भरतही नाही, रविवारी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, आटोपल्यावर चर्चच्या आवारात भरतो. परीक्षा असलीच तर ती चर्चची. दहावीच्या बोर्डाला तिच्याशी देणंघेणं नाही.

दुसऱ्या गोष्टीला तास नाही, पुस्तक नाही आणि ती कुणा एका धर्माच्या मुलांपुरती थांबत नाही. सकाळच्या परिपाठातली प्रार्थना, जेवणाआधी क्षणभर मिटलेले डोळे, ऑक्टोबरातली रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, शाळेच्या संताचा सण, भिंतीवरचा क्रूस. येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइट फादरांच्या, शाळांतल्या कित्येक जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल की वहीच्या पानावर वर कोपऱ्यात ए.एम.डी.जी. अशी चार अक्षरं लिहायची पद्धत होती. सगळं काही देवाच्या अधिक गौरवासाठी, अशा अर्थाच्या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरं. हिंदू, पारशी, मुसलमान मुलांनीही ती गणिताच्या वहीवर निमूट लिहिली, अर्थ न विचारता. आणि या सगळ्यापेक्षा वजनदार गोष्ट म्हणजे फादर स्वतः. लग्न न केलेला, स्वतःचं घर नसलेला, पहाटे उठून चॅपलमध्ये बसणारा आणि संध्याकाळी पोरांबरोबर फुटबॉल खेळणारा माणूस दहा वर्षांच्या मुलाला रोज दिसतो, तेव्हा धर्माबद्दल त्याचं काहीतरी मत बनतंच. तो वारली असो की कॅथलिक. बोर्डिंगात हे दिवसाचे चोवीस तास चालतं. चर्चच्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. शाळा काढण्यामागचा त्यांचा हेतू या दुसऱ्या गोष्टीतच जास्त असतो.

आता बसावं लागण्याबद्दल. नाही, बसावं लागत नाही, आणि ही शाळेची मेहरबानी नव्हे. संविधानाच्या २८व्या कलमाने शाळांचे वेगवेगळे गट केले आहेत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते देता येतं, पण संमतीशिवाय कुणालाही त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. शाळेत किंवा शाळेला लागून असलेल्या आवारात उपासना होत असेल तर तिलाही हजर राहायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. 'लागून असलेलं आवार' हे शब्द घटनाकारांनी उगाच घातलेले नाहीत. चॅपल शाळेच्या इमारतीत नाही, शेजारी आहे, अशी पळवाट त्यांनी बुजवून टाकली. दुसऱ्या बाजूला ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला आहे. म्हणजे कॅथलिकांनी आपल्या शाळेत आपल्या मुलांना आपला धर्म शिकवण्यात काही गैर नाही. तुमच्या पुतण्याला तुम्हाला न विचारता शिकवणं गैर आहे. धर्मांविषयी माहिती देणं ही आणखी तिसरी गोष्ट. ती म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सांगितलं आहे.

हा प्रश्न फक्त मिशनच्या शाळांचा आहे असंही समजू नका. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वरची वेतनश्रेणी अडवली गेली होती. ती शाळा ख्रिस्ती नव्हती. अशी सक्ती मूलभूत हक्काविरुद्ध आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली दिला.

चर्चचे स्वतःचे नियमही याच दिशेचे आहेत, निदान आता आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज मंजूर केले, एक ख्रिस्ती शिक्षणावर आणि दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर. दुसऱ्यात इतर धर्मांतलं खरं आणि पवित्र ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका आहे. सव्वा महिन्यानंतर धर्मस्वातंत्र्यावरचा दस्तऐवज आला आणि त्याने श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नाकारली. १९८३ च्या चर्च-कायद्यातही, कुणावर बळजबरी करून त्याला कॅथलिक करता येणार नाही, असं कलम आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना नव्या सूचना दिल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका वाचा, शाळेत सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची जागा ठेवा. आज देशात मिशनच्या शाळांवर ज्या प्रकारचे आरोप आणि मोर्चे होत आहेत, त्यांच्या सावलीत हे पत्रक निघालं, हे उघड आहे. तरी लिहिलेलं आहे ते लिहिलेलं आहे. शाळेत गेलात तर त्याविषयी खुशाल विचारा.

इथवर कायदा. माझी अडचण इथून पुढे सुरू होते, कारण कायदा संमतीवर उभा आहे आणि संमती ही खिशावर अवलंबून असते.

मुंबई-पुण्यातल्या येशूसंघीयांनी चालवलेल्या मुलांच्या शाळा घ्या. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ची, माझगावची सेंट मेरीज १८६४ची, धोबीतलावची सेंट झेवियर्स १८६९ची. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ची. दीडशे वर्षं इथे सगळ्या धर्मांची मुलं शिकली, बहुतेक जण ज्या धर्मात आले त्याच धर्मात घरी गेले, आणि आज निवृत्तीनंतर फादरांच्या छड्यांच्या आठवणी काढतात. तिथल्या पालकाला शाळा आवडली नाही तर दुसरी शाळा पलीकडच्या गल्लीत होती. फी तोच भरत होता, त्यामुळे फादरही त्याला जपून होते. डोंगरपाड्यावरच्या बापाचं तसं नाही. जवळ माध्यमिक शाळा नसेल, घरात खाणारी तोंडं जास्त असतील, तर फॉर्मवर कुठे अंगठा टेकवायचा एवढंच तो विचारतो. त्या अंगठ्याला कायद्याच्या भाषेत संमती म्हणता येईल. मला म्हणवत नाही. तलासरीतल्या कोणत्याही बोर्डिंगने, ते कुठल्याही झेंड्याचं असो, पालकाला त्याच्या भाषेत समजावून, लिहून आणि नकार द्यायची मोकळीक ठेवून विचारलं पाहिजे. 'नको' म्हटलं तरी जेवण, खाट आणि फादरांचा जिव्हाळा तेवढाच राहील, हे पोराला दिसलं पाहिजे.

कुठल्याही झेंड्याचं, असं मुद्दाम म्हणालो. डहाणू-तलासरीत शाळा आणि विचार नेहमी जोडीनेच आले. बोर्डीच्या शाळेत आचार्य भिसे गांधीविचार घेऊन उभे राहिले. बाळासाहेब खेरांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवू लागल्या. त्याआधीच, मे १९४५ मध्ये, तलासरीजवळच्या झरीला कम्युनिस्टांच्या किसान सभेचं संमेलन झालं आणि गोदावरी परुळेकरांच्या पाठीशी उभं राहून वारल्यांनी वेठ नाकारली. येशूसंघीयांचं ज्ञानमाता सदन हे मिशनही तलासरीतच. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात माधवराव काणे विश्व हिंदू परिषदेच्या कामासाठी तलासरीत आले आणि त्यांनी आदिवासी मुलांचं वसतिगृह काढलं. पुढे खासदार झालेले चिंतामण वनगा त्यांच्याच सहवासात घडले. आणि आज तलासरीच्या महाविद्यालयाला कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकरांचं नाव आहे. एका तालुक्याच्या गावात क्रूस, भगवा आणि लाल बावटा, तिघांनीही आदिवासी पोराला शिकवायचं मनावर घेतलं. यातलं कुणीही नुसती बाराखडी शिकवायला आलेलं नव्हतं. तुमच्या काकांना मिशनची भीती वाटते ती मी समजू शकतो. पण दुसऱ्या दारातून आत गेलं तर पोराच्या मनावर काहीच लिहिलं जाणार नाही, असं त्यांना वाटत असेल तर तो भ्रम आहे.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. श्रद्धेची घडण करायला निघालेल्यांचीच घडण कधी कधी बदलते. येशूसंघाचे तेव्हाचे जगभराचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी १९७३ साली स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात आपल्याच शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर सांगितलं की दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं तयार करणं हे आमच्या शिक्षणाचं उद्दिष्ट आहे, आणि आजवर आम्ही तुम्हाला न्यायासाठी पुरेसं घडवलेलं नाही. दोनच वर्षांत येशूसंघाच्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठीची धडपड वेगळी करता येणार नाही असा ठराव केला. रोममधला कागद तलासरीच्या रानात पोचला. मिशनमध्ये काम करणारे तरुण येशूसंघीय पीटर डिमेलो शाळेच्या फाटकाबाहेर पाड्यांवर गेले. जमिनी, जंगल, सावकार हे सगळं पाहिल्यावर त्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस सहकाऱ्यांबरोबर कष्टकरी संघटना उभी केली, येशूसंघ सोडला, आणि प्रदीप प्रभू या नावाने पुढची सगळी वर्षं आदिवासींच्या जमिनीच्या लढाईत घातली. २००६चा वनहक्क कायदा घडवण्यातही त्यांचा हात होता. लाल बावट्याशी त्यांचे खटके उडाले, चर्चमधल्याही काहींना त्यांचा मार्ग पचला नाही. वारल्यांना ख्रिस्ती करायला आलेला माणूस वारल्यांचा कार्यकर्ता होऊन बसला, हा धोका मिशनच्या पत्रकांत लिहिलेला नसतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही बसला, तरी फरक पडतो का? पडतो, आणि तो तासामुळे पडत नाही.

वारली पोराला त्याचा धर्म कोण शिकवतं? कुणीच तासाला बसवून नाही. लग्नाच्या घरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी उमटते, लग्न लावणारी धवलेरी रात्रभर गाते, आणि पोर कोपऱ्यात पेंगत ते ऐकतं. पीक घरात आल्यावर घांगळी या वाद्यावर धान्यदेवी कणसरीची कथा लागते. वाघबारसेला वाघ्याला नैवेद्य असतो. हिरव्याचं काय, नारनदेवाचं काय, कोणत्या देवाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे भगताच्या तोंडून आणि आजीच्या रागावण्यातून कळतं. तारपा ऐकून पाय हलायला लागतात ते सात-आठ वर्षांच्या वयात. या शिक्षणाला एकच अट आहे, पोर त्या रात्री घरी पाहिजे. बोर्डिंगात घातलेलं पोर त्या रात्री घरी नसतं. कणसरीच्या दिवसांत शाळेचं दुसरं सत्र सुरू असतं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्रात भरते, नेमकी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षं या रात्री चुकल्या की मुलगा कुठल्याही धर्मात न जाताही आपल्या देवांना पाहुणा होतो. आणि हे मिशनच्या बोर्डिंगात होतं तितकंच सरकारी आश्रमशाळेतही होतं, जिथे २८व्या कलमामुळे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. बाटण्याची चर्चा गावोगाव होते. या गैरहजेरीची कुणी करत नाही.

म्हणून पुतण्याला न्यायला गेलात तर रेक्टरना, म्हणजे बोर्डिंगच्या प्रमुख फादरांना, पहिला प्रश्न सुट्ट्यांचा विचारा. घरच्या लग्नाला, कणसरीला, जत्रेला पोराला सोडाल का, किती दिवस, न्यायला कोण यायचं? दुसरा, धर्मशिक्षणाच्या तासाला आणि मिस्साला आमचा मुलगा कुठे असेल? चॅपलमध्ये मागच्या बाकावर की अभ्यासिकेत? उत्तर काहीही असो, ते लेखी घ्या. तिसरा, उद्या त्यालाच वाटलं की बाप्तिस्मा घ्यावा, तर आम्हाला कधी कळेल? अज्ञान मुलाच्या बाबतीत घरच्यांना अंधारात ठेवून काही होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत ऐकून घ्या. चौथ्याचा धर्माशी संबंध नाही, पण तो कुठल्याही बोर्डिंगात विचारायचाच: रात्री मुलांबरोबर कोण झोपतं, मुलाला काही त्रास झाला तर तो कुणाला सांगू शकतो, घरी फोन कधी करता येतो? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला तर तुमच्या दुसऱ्या काकांना सांगा की शिस्त दुसरीकडेही लागते.

माझं मत विचाराल तर, समाधानकारक उत्तरं मिळाली तर घाला. शिकवण्याच्या बाबतीत मिशनच्या शाळा कसूर करत नाहीत, आणि तिथला धर्म निदान फाटकावरच्या पाटीवर लिहिलेला असतो. पण जत्रेला त्याला घेऊन यायची जबाबदारी फादरांची नाही, तुमची आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे, नोकरीमुळे डहाणूत. मुलगा सातवीत आहे. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणतो, अर्थ विचारला की खांदे उडवतो. असं पाठ करून श्रद्धा येते का? आमच्या वेळीही असंच होतं, म्हणून विचारते.
– एक आई, डहाणू

उत्तर : तुमच्या वेळीच नव्हे, साडेचारशे वर्षांपूर्वीही असंच होतं. प्रश्न आणि त्याचं ठरलेलं उत्तर हा साचा येशूसंघीय पीटर कनिसियस यांनी १५५५ साली आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात वापरला आणि तो जगभर गेला. कारण सोपं होतं. पुस्तकं थोडी, वाचता येणारे त्याहून थोडे, आणि समोर बसलेल्या पोरांनी काही घरी न्यायचं तर ते तोंडपाठच न्यावं लागणार.

पण याच तासातून मराठीला काय मिळालं तेही पाहा. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात साष्टीला होते. रविवारी धर्मशिक्षण झाल्यावर नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकाने तक्रार केली की आमची जुनी पुराणं गेली, आता ऐकायला काय? तुमच्या धर्माचंही पुराण असतं तर बरं. स्टीफन्सनी ते मनावर घेतलं. ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, आणि लोकांनी ते गाऊन जिवंत ठेवलं. नुसत्या धर्मशिक्षणाने समाधान न झालेल्या एका माणसाच्या तक्रारीतून मराठीतला एक मोठा ग्रंथ जन्मला. तुमच्या मुलाने खांदे उडवले, त्यात मला तीच तक्रार ऐकू येते, म्हणून मी फारसा चिंतेत नाही.

पाठांतर वाया जातं असं मी म्हणणार नाही. मनाचे श्लोक पाठ करणाऱ्या मुलांनाही अर्थ कुठे कळतो? तो चाळिशीत, एखाद्या मयताहून परतताना कळतो. चूक होते ती पाठ झालं म्हणजे काम झालं, असं शिक्षक आणि आईबाप मानतात तेव्हा. व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणावरच्या दस्तऐवजानुसार मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील. शाळा आणि धर्मग्राम त्यानंतर. म्हणजे चेंडू तुमच्याकडेच परत येतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेलं 'सुबोध बायबल' घरी आणा. त्याचं मराठी घरात मोठ्याने वाचण्यासारखं आहे. रोज एक दाखला वाचा आणि उत्तर न विचारता त्यालाच प्रश्न काढायला सांगा. उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरल्या भावाचं काय चुकलं, असा प्रश्न सातवीतला मुलगा हमखास काढतो. त्याचं ठरलेलं उत्तर तुम्हालाही येत नसेल तर उत्तमच.

प्रश्न : आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तर त्याचा जातीचा दाखला जातो का? गावात दोन्ही प्रकारचं ऐकू येतं.
– एक विद्यार्थी, तलासरी

उत्तर : अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांची सरमिसळ झाल्यामुळे हा गोंधळ आहे. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध त्यात येतात. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी कोणतीही अट नाही. त्यामुळे वारली, कोकणा, मल्हार कोळी माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्याची जमात आपोआप बदलत नाही. वाद निर्माण झाला तर तो माणूस आजही जमातीच्या रीतिरिवाजांत आहे का, समाज त्याला आपला मानतो का, हे पुराव्यावरून तपासावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली केरळच्या एका खटल्यात म्हटलं आहे. धर्म बदलणाऱ्यांना जमातींच्या यादीतून वगळावं, अशी मागणी काही संघटना करतात. मागणी म्हणजे कायदा नव्हे. तुमचा दाखला नीट जपून ठेवा, आणि कुणी तोंडी सांगितलं म्हणून तहसील कचेरीत जाऊन तो परत करू नका.

वाचकांना एक विनंती. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा भागातल्या कोणत्याही बोर्डिंगात, मिशनच्या, विश्व हिंदू परिषदेच्या किंवा सरकारी आश्रमशाळेत, जे राहून शिकले असतील त्यांनी आपलं तेव्हाचं रोजचं वेळापत्रक आठवून आमच्याकडे लिहून पाठवावं: किती वाजता उठत होता, प्रार्थना कोणती होती, आणि वर्षातून किती वेळा घरी जात होता. निवडक पत्रं याच सदरात छापू.